उरलेला माहितीपट

इंदूरच्या शाळेत मी वर्षानुवर्षं भूगोल शिकवला. टुंड्रातले लोक, कांगो खोऱ्यातले लोक, कलहारीतले लोक, मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातले लोक, असे ते धडे असत. घर कसलं, अन्न कोणतं, अंगावर काय घालतात, ओझं कशावर वाहतात, एवढ्या चार ओळींत एक अख्खा समाज आटपायचा. निवृत्त झाल्यावर आम्ही काही जण एकत्र आलो आणि जगातल्या वेगवेगळ्या संस्कृतींवरचे माहितीपट वस्तीवस्तीत मोफत दाखवायला लागलो. कधी वाचनालयाचं वरच्या मजल्यावरचं दालन मिळतं, कधी एखाद्या मंडळाचं सभागृह, कधी शाळेचा हॉल, उन्हाळ्यात सोसायटीची गच्ची. साधारण महिन्याला एक खेळ आणि खेळानंतर गप्पा. त्या चार ओळींच्या पलीकडची माणसं लोकांना दिसावीत, एवढीच इच्छा होती.

ती इच्छा पुरी होते आहे. पण या कामातून आणखी एक गोष्ट उमगली आणि हा लेख तिच्यासाठीच लिहिते आहे. परक्या संस्कृतीवरचा माहितीपट पडद्यावर पुरा होत नाही. त्याचा अर्धा भाग समोर बसलेल्या माणसांकडे असतो, त्यांनी आयुष्यभर केलेल्या कामात, त्यांच्या हातांच्या सवयीत. मंगोलियातला मेंढपाळ काय करतो आहे हे भूगोलाच्या शिक्षिकेपेक्षा इथल्या गवळ्याला लवकर कळतं. आयोजकानं त्या गवळ्याला बोलायला जागा करून द्यायची. बाकी सगळं, म्हणजे पडदा, प्रोजेक्टर, पत्रकं, त्या एका गोष्टीसाठी.

इंदूर हे अशा कामाला अनुकूल गाव आहे. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इथे स्थिरावली आणि दरबाराच्या आश्रयानं मराठी घराणी इथलीच झाली. पुढे कापडगिरण्या आल्या आणि त्यांच्यामागे उत्तर प्रदेश, राजस्थान, महाराष्ट्र अशा चारी दिशांकडून कामगार आले. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली. बोहरा, जैन, पंजाबी, मल्याळी अशी सगळी माणसं एकाच गल्लीत सापडतात. आमच्या खेळाला घरी मराठी, बाजारात हिंदी आणि आजोळी माळवी बोलणारा माणूस सहज भेटतो. रामबाग, नारायण बाग, राजेंद्रनगर, लोकमान्य नगर या भागांतल्या मराठी मंडळींना तर नाटकाची सवय आहे. सानंद न्यासाच्या प्रयोगांना जाणारा प्रेक्षक अंधारात गप्प बसून बघणं आणि बाहेर आल्यावर भरभरून बोलणं, दोन्ही जाणतो.

ज्येष्ठांच्या मनात माहितीपट म्हटलं की फिल्म्स डिव्हिजन येतं. १९४८ मध्ये ही सरकारी संस्था सुरू झाली आणि पुढे कित्येक दशकं थिएटरमध्ये मुख्य चित्रपटाआधी तिचे वृत्तपट आणि माहितीपट दाखवणं बंधनकारक होतं. धरणाचं उद्घाटन, पुराची पाहणी, कुटुंबनियोजन. बऱ्याच जणांना ती वेळ आत येऊन खुर्ची शोधण्याची वाटे. त्याच संस्थेनं उत्तम कामही केलं, आणि त्यातला एक लघुपट इंदूरकरांना आपला वाटावा असा आहे. मकबूल फिदा हुसेन यांचं बालपण इंदूरमध्ये गेलं, चित्रकलेचे पहिले धडे त्यांनी इथे द. दा. देवळालीकरांकडे घेतले. १९६७ मध्ये फिल्म्स डिव्हिजनसाठी त्यांनी राजस्थानात ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ हा लघुपट केला आणि त्याला बर्लिन महोत्सवात लघुपटासाठीचं गोल्डन बेअर मिळालं. त्यात निवेदन नाही. कंदील, छत्री, जोडा, गाय, भिंती, माणसं, एवढंच दिसत राहतं. नव्या वस्तीत पहिला खेळ असला की आम्ही बहुधा यानेच सुरुवात करतो. कुणीतरी सांगत नसतानाही बघता येतं, हा विश्वास प्रेक्षकाला आधी यावा लागतो.

दुसरा असाच हमखास लघुपट म्हणजे डच दिग्दर्शक बर्ट हान्स्ट्रा यांचा १९५८ चा ‘ग्लास’. जेमतेम अकरा मिनिटांचा, ऑस्कर मिळालेला. नेदरलँड्समधल्या लीरडाम इथल्या काचकारखान्यात चित्रित झालेला. सुरुवातीला कारागीर लांब नळीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घेऊन फुंकतात, गाल फुगतात, नळी बोटांवर फिरत राहते, मागे जॅझ वाजत असतं. मग यंत्रं येतात, बाटल्यांची रांग धावायला लागते. मध्येच एका बाटलीची मान तुटते, यंत्राला ते कळत नाही, काचांचा खच पडत जातो आणि शेवटी एक माणूस येऊन हात घालतो तेव्हाच ते थांबतं.

हा लघुपट आम्ही परदेशीपुऱ्याच्या बाजूला दाखवला. तो गिरण्यांचा भाग. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि तिच्या कामगारांना थकीत देण्यांसाठी तीन दशकांहून अधिक काळ झगडावं लागलं. डिसेंबर २०२३ मध्ये कुठे ते पैसे हाती आले. प्रेक्षकांत गिरणीत पाळ्या केलेली बरीच वयस्कर माणसं होती. मी विचारलं, “यातलं कोणतं काम तुमच्या ओळखीचं आहे?” थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या रांगेतले एक आजोबा उठले आणि म्हणाले, “बाई, यंत्र चालवणं सोपं. ते कुठे चुकतंय हे आवाजावरून ओळखणं अवघड. तो माणूस बाटली बघून नाही आला, आवाज बदलला म्हणून आला असणार.” त्यांनी मग यंत्रमागाचा नेहमीचा आवाज कसा असतो, धागा तुटला की तो कसा बदलतो, आणि शेकडो मागांच्या गोंगाटात आपल्या मागाचा आवाज वेगळा कसा काढायचा, हे हातवारे करून सांगितलं. त्यांचा नातू शेजारी बसला होता. आजोबांच्या कामाबद्दल इतकं सविस्तर त्यानं पहिल्यांदाच ऐकलं, असं तो मला नंतर म्हणाला.

तोच लघुपट सराफ्याजवळच्या एका सभागृहात दाखवला, तर चर्चा भलतीकडेच गेली. तिथे एक दागिने घडवणारे कारागीर होते. झाळण करताना दिव्याच्या ज्योतीवर फुंकणीनं अखंड वारा लागतो. ते म्हणाले, “श्वास तोडायचा नसतो. नाकानं घ्यायचा, गालात साठवायचा आणि तोंडानं सोडत राहायचं.” त्यांनी ते करूनही दाखवलं. पडद्यावरच्या डच कारागिराचे फुगलेले गाल आम्हा सगळ्यांना गमतीचे वाटले होते, त्यांनी ते दमाचं गणित म्हणून वाचले. पुन्हा एकदा लघुपट लावायचा आग्रह झाला आणि दुसऱ्या वेळी सगळे जण गालांकडे आणि नाकांकडे बघत होते.

तेव्हापासून गप्पांची सुरुवात “कसा वाटला?” या प्रश्नानं करायची नाही, असा नियमच झाला. त्याला “छान” यापलीकडे उत्तर येत नाही आणि आलं तर ते बोलण्याचा सराव असलेल्यांचंच येतं. “यातलं काय तुम्ही केलं आहे?” या प्रश्नाला ज्यानं केलं आहे तोच उत्तर देऊ शकतो. मग वकील, प्राध्यापक, डॉक्टर ऐकत बसतात आणि शिवणकाम करणारी बाई, सुतार, गवंडी बोलतात. हा क्रम आम्ही कटाक्षानं पाळतो.

यातलं सर्वांत मेहनतीचं काम भाषेचं आहे. परदेशी माहितीपटांना बहुधा इंग्रजी उपशीर्षकं असतात. ती वाचता येणारे थोडे, त्या वेगानं वाचता येणारे आणखी थोडे. म्हणून मी तो माहितीपट आधी पुनःपुन्हा बघते, संवाद वहीत उतरवते, वस्तीप्रमाणे मराठीत किंवा हिंदीत करते आणि खेळाच्या वेळी पडद्याच्या बाजूला छोटा दिवा घेऊन वाचते. शब्दागणिक वाचून चालत नाही. कुठे बोलायचं आणि कुठे पात्रांचा मूळ आवाज ऐकू द्यायचा, हे ठरवावं लागतं. कुणी गात असेल, रडत असेल, जनावराला हाक मारत असेल तर मी गप्प राहते. अर्थ आपोआप पोचतो.

या पद्धतीला मोठी परंपरा आहे. मूकपटांच्या काळात जपानमध्ये पडद्याशेजारी उभं राहून कथा सांगणारे बेन्शी असत आणि नटांइतकेच ते प्रसिद्ध होते. आपल्याकडे तर चित्रपट येण्याआधीच, १८९२ पासून, कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी आणि त्यांच्या मुलांनी ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ सुरू केले. काचेवर रंगवलेली चित्रं मॅजिक लँटर्ननं पडद्यावर पाडायची आणि सोबत निवेदन, संवाद, गाणी म्हणायची. गावोगाव फिरून ते हे खेळ करत. पडदा, उजेड आणि बाजूला उभा राहून सांगणारा माणूस, ही मांडणी मराठी प्रेक्षकाच्या चांगली परिचयाची आहे. आम्ही फक्त ती पुन्हा वापरतो.

‘द स्टोरी ऑफ द वीपिंग कॅमल’ हा २००३ चा माहितीपट वाचताना मला कुठे गप्प राहायचं ही शिस्त सर्वांत उपयोगी पडली. म्युनिकच्या फिल्म स्कूलमध्ये शिकणाऱ्या ब्याम्बासुरेन दावा आणि लुईजी फालोर्नी या दोघांनी तो गोबीच्या वाळवंटात केला. अवघड बाळंतपणानंतर एक सांडणी आपल्या पांढऱ्या पिल्लाला जवळ येऊ देत नाही. घरच्यांचे सगळे उपाय थकतात, तेव्हा दोन लहान मुलांना दूरच्या गावी पाठवून वादकाला बोलावलं जातं. मोरिन खूर हे घोड्याच्या डोक्याचं तंतुवाद्य तो वाजवतो, घरातली स्त्री सांडणीच्या अंगावरून हात फिरवत गाते, आणि सांडणीच्या डोळ्यांतून पाणी येतं, ती पिल्लाला पिऊ देते. मंगोलियातल्या या विधीची नोंद युनेस्कोनं २०१५ मध्ये तातडीनं जतन करायला हव्या अशा वारशाच्या यादीत केली आहे.

त्या दिवशी प्रेक्षकांत एक वयस्क गवळी होते. ते म्हणाले, “यात नवल काय? पान्हा मनातून येतो.” मग त्यांनी सांगितलं की वासरू दगावलं की म्हैस दूध चोरते, तेव्हा मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे ठेवायची पद्धत होती. ती ते चाटते आणि पान्हा सोडते. “पण ते मला कधी आवडलं नाही. ती फसवणूक झाली. हे गाणं म्हणायचं चांगलं.” दुसऱ्या एका बाईंनी विचारलं, की मग आता काय करता? आता इंजेक्शन देतात, ते म्हणाले, आणि पुढची चर्चा त्या इंजेक्शनावर, दुधाच्या भावावर आणि शहरात गोठे ठेवण्याच्या अडचणींवर झाली. मी ती आवरली नाही. गोबीतल्या कुटुंबाचा प्रश्न आणि इंदूरच्या गवळ्याचा प्रश्न एकाच जातीचा आहे हे त्या खोलीत सगळ्यांना समजलं होतं. मुलांनी मात्र वेगळीच गोष्ट पकडली होती. त्या माहितीपटातला धाकटा मुलगा पहिल्यांदा टीव्ही बघतो आणि आपल्याकडेही हवा म्हणून हट्ट धरतो. आमच्याकडची मुलं एकमतानं त्याच्या बाजूची होती. त्यांच्याशी वाद न घालता मी एवढंच विचारलं, की टीव्ही आल्यावर ते वाद्य वाजवायला कोण शिकेल? उत्तर एका मुलीनं दिलं: “दोन्ही होऊ शकतं, वेळ ठरवून घेतली तर.” मला ते पटलं.

‘हनीलँड’ हा २०१९ चा माहितीपट उत्तर मॅसिडोनियातला. तमारा कोतेव्स्का आणि ल्युबोमीर स्तेफानोव यांनी तीन वर्षं चित्रित केलेला. ओसाड पडलेल्या डोंगराळ गावात हातिजे नावाची स्त्री म्हाताऱ्या आईला सांभाळत रानातल्या मधमाश्या पाळते. मध काढताना तिचा नियम एकच: अर्धा आपला, अर्धा माश्यांचा. शेजारी एक मोठं कुटुंब गुरंढोरं घेऊन येतं, तेही माश्या पाळायला लागतं, व्यापाऱ्याच्या तगाद्यापायी सगळा मध काढून विकतं, आणि मग त्यांच्या उपाशी माश्या हातिजेच्या पोळ्यांवर तुटून पडतात.

खेळाला शहराजवळच्या गावांतले काही शेतकरी होते. माळव्यात काळी जमीन, सोयाबीन आणि गहू. मधमाश्या पाळणारा कुणी नव्हता, तेव्हा आज ‘काय केलं आहे’ या प्रश्नाला उत्तर यायचं नाही असं वाटलं. पण एक जण उठून हिंदीत म्हणाले, “मॅडमजी, ये तो हमारे बोर की कहानी है.” शेजाऱ्यानं जास्त खोल बोअर मारली की आपली आटते, मग आपण त्याहून खोल मारायची, तो पुन्हा मारतो, आणि सगळ्यांचंच पाणी खाली जातं. त्या कुटुंबाला वाईट म्हणू नका, असंही ते म्हणाले. पदरात इतकी पोरं असताना व्यापारी आगाऊ पैसे देत असेल तर कोण नाही म्हणेल? मी त्या माहितीपटावरचं काही समीक्षालेखन वाचलं होतं. त्यात निसर्गाशी समतोल, भांडवलाची हाव असं बरंच काही होतं आणि ते खरंही आहे. या शेतकऱ्यानं दोन्ही बाजूंची ओढ तीन वाक्यांत सांगितली, कारण त्याच्या आयुष्यात ती दोन्ही बाजूंनी येऊन गेली होती.

शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी आम्ही रॉबर्ट फ्लाहर्टी यांचा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ आवर्जून दाखवतो. १९२२ चा हा मूकपट कॅनडाच्या उत्तरेला हडसन उपसागराच्या काठी एका इनुइट कुटुंबावर केलेला. मुलांना तो प्रचंड आवडतो: बर्फाचं घर बांधणं, कुत्र्यांची गाडी, वॉलरसची शिकार. मग आम्ही त्यांना सांगतो की नानूकचं खरं नाव अल्लाकारिआल्लाक होतं. पडद्यावरची त्याची बायको त्याची बायको नव्हती. तिथले लोक तोवर बंदुका वापरायला लागले होते, शिकार मात्र जुन्या भाल्यानं करायला लावली. बर्फाच्या घरात कॅमेऱ्याला पुरेसा उजेड नव्हता, म्हणून एक बाजू उघडी ठेवलेलं घर खास बांधलं. ग्रामोफोनची तबकडी तो चावून बघतो, तो अज्ञानाचा अभिनय होता. आणि या सगळ्याला पैसा एका फर व्यापारी कंपनीचा होता.

मुलं आधी चिडतात. म्हणजे सगळं खोटं? तेव्हा आम्ही आणखी एक गोष्ट सांगतो. फ्लाहर्टींनी चित्रित केलेला भाग तिथल्या तिथे धुऊन त्याच लोकांना दाखवला होता. वॉलरसची शिकार पडद्यावर बघताना प्रेक्षक ओरडून शिकाऱ्यांना प्रोत्साहन द्यायला लागले. म्हणजे या माहितीपटाचे पहिले प्रेक्षक त्यातली माणसंच होती, आणि काय चित्रित करायचं यात त्यांचाही हात होता. फ्रेंच दिग्दर्शक जाँ रूश यांनी १९५० च्या दशकात नायजर नदीवर पाणघोड्याच्या शिकारीचं चित्रीकरण केलं आणि तयार झाल्यावर ते त्या शिकाऱ्यांना नेऊन दाखवलं. शिकाऱ्यांनी चूक काढली: शिकारीच्या वेळी संगीत कशाला, जनावर पळून जाईल! रूश यांनी ते संगीत काढून टाकलं. आणि आज इनुइट लोक स्वतःच आपले चित्रपट करतात. झकरायस कुनुक यांच्या ‘अतानारजुआत’ला २००१ मध्ये कान महोत्सवात पहिल्या चित्रपटासाठीचा कॅमेरा दोर मिळाला. कॅमेरा कुणाच्या हातात आहे, पैसा कुणाचा आहे, दाखवल्या गेलेल्या माणसांनी ते बघितलं का, हे तीन प्रश्न मुलं मग प्रत्येक माहितीपटाला विचारायला लागतात. आपल्या फोनवर येणाऱ्या व्हिडिओंनाही तेच विचारायला लागतात. भूगोलाच्या तासाला मी हे शिकवू शकले नव्हते, कारण पुस्तकातल्या त्या चार ओळी कुणी लिहिल्या हे पुस्तकात नसायचंच.

‘नानूक’चा प्रश्न इंदूरमध्ये वेगळाही असतो. अनेक प्रेक्षक शाकाहारी, त्यात जैन कुटुंबं पुष्कळ. शिकार आणि कच्चं मांस खाण्याची दृश्यं आहेत हे आम्ही आधीच स्पष्ट सांगतो, ज्यांना बघायचं नसेल त्यांनी तेवढा वेळ बाहेर थांबावं अशी सोय ठेवतो. एका खेळाला एक जैन काकू बाहेर गेल्या नाहीत. गप्पांमध्ये एका मुलानं “शी, कच्चं मांस” म्हटलं, तेव्हा त्याच बोलल्या. “मी मुंगीसुद्धा मारत नाही. पण तिथे धान्य उगवत नाही, भाजी नाही. त्यांनी काय खायचं ते तू सांग.” मुलगा गप्प झाला. आपली निष्ठा न सोडता दुसऱ्याच्या परिस्थितीचा विचार कसा करायचा, याचं याहून चांगलं उदाहरण मला देता आलं नसतं.

सगळ्यात जास्त माणसं बोलती केली ती ‘खो की पा लू’ या नागालँडमधल्या माहितीपटानं. अनुष्का मीनाक्षी आणि ईश्वर श्रीकुमार यांचा हा २०१७ चा माहितीपट फेक या गावातला आहे. डोंगरउतारावरची भातशेती तिथले लोक गट करून एकमेकांच्या शेतात करतात आणि काम करताना गातात. वरच्या पायरीवरचा गट एक सूर धरतो, खालचा त्यात मिसळतो. कुदळीचा घाव, पावलांची लय आणि गाणं एकच होऊन जातं. तो आपल्याच देशातला भाग, पण बहुतेक प्रेक्षकांना मंगोलियाइतकाच दूरचा. म्हणून तो आम्ही परदेशी माहितीपटांच्या मालिकेतच घेतो.

भजनी मंडळातल्या बायका आल्या होत्या. माहितीपट संपल्यावर प्रश्न विचारायची गरजच पडली नाही. एक आजी म्हणाल्या, “आमची आई जात्यावर अशीच गायची. एकटी असली तरी दोघी असल्यासारखी.” त्यांनी ओवी म्हणायला सुरुवात केली, शेजारच्या आजींनी दुसरी जोडली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांमधून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या आणि त्यांतल्या काही आज इंटरनेटवर ऐकता येतात, हे मी त्यांना सांगितलं, एक-दोन मोबाइलवर ऐकवल्याही. माळवी बायकांनी मग पितृपक्षातल्या संजाची आठवण काढली: भिंतीवर शेणाची चित्रं काढायची, फुलं लावायची, आणि संध्याकाळी मुलींनी जमून गाणी म्हणायची. मराठी आणि माळवी बायका आळीपाळीनं गात होत्या. शेतात किंवा जात्यावर गाणं होतं तेव्हा काम हलकं होतं की काम इतकं जड होतं म्हणून गाणं लागत होतं, यावर त्यांचं एकमत झालं नाही. एक जण ठामपणे म्हणाल्या, “जातं गेलं ते बरंच झालं. गाणं ठेवा, जातं नको.” हे स्वच्छ बोलणं मला फार मोलाचं वाटतं. परंपरेचं कौतुक करणाऱ्यांनी ती ओढणाऱ्यांचं ऐकलं पाहिजे.

हे सगळं मोफत का, असं अनेक जण विचारतात. थोडं तिकीट ठेवलं तर लोक गांभीर्यानं येतील, असाही सल्ला मिळतो. माझा अनुभव असा की तिकीट काढून आलेला माणूस करमणुकीची अपेक्षा घेऊन येतो, आणि ते रास्तच आहे. मोफत खेळाला आलेला माणूस पाहुणा असतो. त्याला विचारलं तर तो स्वतःजवळचं काही देतो. शिवाय ज्या आजोबांनी, ज्या गवळीबुवांनी आणि ज्या बायकांनी ही चर्चा समृद्ध केली, त्यांतले किती जण तिकीट काढून माहितीपटाला आले असते?

पण मोफत म्हणजे कसंही चालेल असं होऊ नये, यावर आमचा भर असतो. तिकीट नसलं तरी जाहीर खेळासाठी हक्कधारकांची परवानगी घ्यावी लागते. ती आम्ही पत्र लिहून मागतो. वस्तीतल्या मोफत खेळासाठी काही दिग्दर्शक आनंदानं देतात, काही ठिकाणी शुल्क भरावं लागतं. ते वर्गणीतून भरतो. परवानगी आली नाही तर तो माहितीपट दाखवत नाही. ज्यानं तीन वर्षं एका डोंगरावर राहून काम केलं, त्याच्या कामाचा मान राखल्याशिवाय दुसऱ्यांच्या कामाविषयी बोलायचा आपल्याला अधिकार नाही. चित्रापेक्षा आवाजावर जास्त खर्च करतो, कारण अंधुक चित्र माणसं सहन करतात, फाटका आवाज करत नाहीत. खिडक्यांना काळं कापड, ज्येष्ठांना पुढच्या रांगेत पाठ टेकायला खुर्च्या, मुलांना सतरंजी, आणि शेवटी चहा. गप्पांना माहितीपटाइतकाच वेळ राखून ठेवतो. म्हणून लांबलचक माहितीपट आम्ही निवडतच नाही.

गेल्या काही काळापासून एक नवा भाग जोडला आहे. कॉलेजमधली मुलं मोबाइलवर वस्तीतल्या एकेका कामाचं छोटं चित्रीकरण करतात: अनंत चतुर्दशीच्या रात्री निघणाऱ्या गिरण्यांच्या झांक्या तयार करणारे कारागीर, पहाटे पोह्यांची तयारी करणारा ठेलेवाला, नऊवारीच्या शिलाईत हात बसलेल्या शिंपीणबाई. रूश यांचा नियम आम्ही त्यांना घालून दिला आहे. चित्रीकरण आधी ज्याचं आहे त्याला दाखवायचं, त्यानं सुचवलेली दुरुस्ती करायची, आणि मगच परक्या देशातल्या माहितीपटाच्या आधी ते लावायचं. एका कारागिरानं आपल्यावरच्या चित्रफितीतलं गाणं काढायला लावलं, कारण त्यात ठोकण्याचा आवाज बुडत होता. त्या मुलांना रूश यांची गोष्ट तेव्हा खऱ्या अर्थानं कळली.

जगातल्या संस्कृती समजून घ्या असं नुसतं सांगून कुणी समजून घेत नाही. आपल्या कामाला कुणीतरी लक्ष देऊन ऐकलं आहे, असा अनुभव ज्याला येतो, तो दुसऱ्याच्या कामाकडेही लक्ष देऊन बघतो. मिलमधले आजोबा त्या दिवसानंतर बहुतेक खेळांना येतात आणि प्रत्येक देशातल्या माणसांच्या हातांकडे आधी बघतात. आपल्या गावात असं काही करावं असं वाचणाऱ्यांपैकी कुणाला वाटत असेल, तर माझं सांगणं एवढंच आहे: माहितीपट निवडायच्या आधी वस्तीत फिरा, इथली माणसं काय काम करतात ते विचारा, आणि त्यांना बोलता येईल असाच माहितीपट निवडा. जागा मिळते, प्रोजेक्टर उसना मिळतो, चहाला माणसं पुढे येतात. बोलायला उठणाऱ्या पहिल्या माणसाची वाट बघण्याचा धीर मात्र आपल्याकडे हवा.